मुलीच्या शाळेत ‘नायडॉक’ आहे, पालकांनाही बोलावलंय. आम्ही नवखे, काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चार महिन्यांपूर्वी पुण्याहून मेलबर्नच्या टार्नीट भागात आलात. मुलगी प्रेपमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्षात आहे. शाळेने नायडॉकच्या (ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या समाजांचा सण) दिवशी काळे-लाल-पिवळे कपडे घालून पाठवायला सांगितलंय आणि मदतीला पालकही हवे आहेत. “आम्ही कालपरवा आलेले, आमचा यात काय संबंध?” असंही तुम्हाला वाटतंय आणि “वर्गात वारली चित्रं शिकवली तर चालतील का?” असंही.

जा. सुट्टी टाकावी लागली तरी जा. वारलीचं शेवटी सांगते.

मी मेलबर्नच्या पश्चिमेकडे एका सरकारी प्राथमिक शाळेत वर्गात मदतनीस आहे. त्याआधी तुमच्यासारखीच नुसती पालक होते, आणि पहिल्याच नायडॉकला मी घोळ घातला होता. चित्रकलेचं टेबल माझ्याकडे आलं. रात्री व्हिडिओ बघून तयारी केली: कागदी ताटल्या, इअरबड्स, चार रंगांच्या वाट्या. मुलांनी बूमरँग, कासव, कांगारू काढायचे आणि आत ठिपकेच ठिपके भरायचे. पोरं खूश, मीही खूश. मग स्वागतासाठी आलेल्या आँटी टेबलाशी थांबल्या. एका मुलाला त्यांनी विचारलं, “ही गोष्ट कुणाची रे?” तो म्हणाला, “कासवाची.” त्या खळखळून हसल्या. जाताना मला हळूच म्हणाल्या, “छान झालंय, पण ठिपके आमच्याकडचे नाहीत गं.”

(आँटी म्हणजे आपण शेजारच्या काकूंना म्हणतो तसं नव्हे. ॲबोरिजिनल समाजात आँटी आणि अंकल हे ज्येष्ठांचे मानाचे शब्द आहेत, आणि तो मान नुसत्या वयाने मिळत नाही. तुमच्या मुलीला शाळेत हे आपोआप कळेल. आपल्याला आधी कळलेलं बरं.)

घरी येऊन मी शोधत बसले. ज्या ठिपक्यांच्या चित्रांना आपण सरसकट ‘ॲबोरिजिनल आर्ट’ म्हणतो, ती मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली. गंमत म्हणजे त्यांची आजची गोष्ट एका शाळेच्या भिंतीवर सुरू होते. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे 240 किलोमीटरवर पापुन्या नावाची वस्ती आहे. तिथे 1971 साली जेफ्री बार्डन नावाच्या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने गावातल्या जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. पुढे तीच चित्रं फळ्यांवर आणि कॅनव्हासवर आली. पवित्र खुणा बाहेरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्या झाकायलाही ठिपक्यांचा उपयोग होऊ लागला. म्हणजे मी ज्याला सजावट समजून ताटल्यांवर उठवत होते, ते कुणाचं तरी झाकून ठेवणं होतं. शिवाय प्रत्येक कथेला वारसदार असतात, ज्याचा हक्क नाही त्याने ती काढायची नसते. आणि पापुन्या मेलबर्नपासून रस्त्याने दोन हजार किलोमीटरहून लांब. कोल्हापूरची ओळख करून द्यायला कुणी मधुबनी काढून दाखवावी, तसला प्रकार. डिजेरिडूचंही तेच. ते वाद्य उत्तरेकडच्या आर्नहेम लँडचं, मेलबर्नच्या मातीतलं नाही.

मग इथलं काय? इथल्या नक्षीत रेघा असतात, शंकरपाळ्यासारखे चौकोन असतात, आणि त्या पॉसम या झाडावर राहणाऱ्या केसाळ प्राण्याच्या कातड्याच्या झुलींवर कोरलेल्या असत. मेलबर्न परिसरातल्या मूळच्या वुरुंजेरी लोकांचे पुढारी विल्यम बराक यांनी एकोणिसाव्या शतकात गेरू आणि कोळशाने काढलेली चित्रं शोधून मुलीला दाखवा: झुली पांघरलेली माणसं ओळीने उभी आहेत आणि प्रत्येक झुलीची नक्षी वेगळी आहे. बराक तुम्हाला नकळत भेटलेही असतील. शहरात स्वॉन्स्टन स्ट्रीटच्या उत्तर टोकाला एक उंच इमारत आहे, तिच्या पांढऱ्या गॅलऱ्या लांबून पाहिल्या की एक दाढीवाला चेहरा दिसतो. तो त्यांचाच. जवळ गेलात तर काहीच दिसत नाही, नुसत्या गॅलऱ्या.

मदतीला जाण्याआधी एवढंच विचारून ठेवा: आपली शाळा कुणाच्या भूमीवर आहे? 1788 साली गोरे वसाहत करायला आले तेव्हा या खंडात 250 हून जास्त भाषा होत्या. ‘ॲबोरिजिनल संस्कृती’ हा शब्द ‘भारतीय जेवण’ इतकाच ढोबळ आहे. तुमच्या भागात बुनुराँग आणि वाडावुराँग अशी दोन मूळ समाजांची नावं ऐकू येतील. पूर्वापार वेरिबी नदी ही त्यांच्यामधली शीव, आणि वेरिबी हा शब्द पाठीच्या कण्यावरून आलेला. पूल ओलांडताना मुलीला सांगा, मजा वाटते पोरांना.

शाळेच्या असेंब्लीत रोज किंवा आठवड्याला या भूमीच्या मूळ राखणदारांचं स्मरण म्हणतात. ते कुणीही म्हणू शकतं, प्रेपमधली मुलं तर हातवारे करून म्हणतात: आधी जमिनीला हात, मग आभाळाकडे. ‘वेलकम टू कंट्री’ मात्र वेगळं. ते फक्त तिथल्या मूळ घराण्यातली माणसंच करतात. घरच्यांनी “या, बसा” म्हणणं आणि पाहुण्याने आपण कुणाच्या ओसरीवर बसलोय याची जाण ठेवणं, एवढा फरक.

तुमच्या शाळेत धुराचा विधी असेल तर तो चुकवू नका. मैदानाच्या कडेला निखारे करतात, त्यावर गमची (निलगिरीची) ओली हिरवी पानं टाकतात आणि पांढरा दाट धूर जमिनीलगत सरकायला लागतो. मुलं रांगेने त्यातून जातात. (मुलीला दम्याचा त्रास असेल तर शिक्षिकेला आधी सांगून ठेवा, वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभं करतात.) एका वर्षी माझे वडील सांगलीहून आले होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. धूर दिसल्यावर त्यांनी बूट-मोजे काढून बाजूला ठेवले आणि जूनच्या थंडीत ओल्या गवतावर अनवाणी उभे राहिले. मी लाजून चूर! आँटींनी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मान डोलावली आणि त्यांना मुलांच्या आधी पुढे बोलावलं. माझ्या जॅकेटला दोन दिवस निलगिरीचा वास होता. अण्णांनी तर मफलर परत सांगलीला जाईपर्यंत धुऊ दिला नाही.

आता तुमचा ‘संबंध काय’ हा प्रश्न. तुमची ट्रेन फुटस्क्रेला थांबते ना? तिथल्या पादचारी पुलाला विल्यम कूपर यांचं नाव आहे. ते योर्ता योर्ता या ॲबोरिजिनल समाजाचे, उतारवयात फुटस्क्रेला राहायचे. आपल्या लोकांना संसदेत प्रतिनिधी मिळावा म्हणून त्यांनी राजाच्या नावाने अर्ज केला, त्यावर 1,814 सह्या गोळा केल्या आणि सरकारने तो पुढे पाठवलाच नाही. 26 जानेवारी 1938 ला, गोऱ्यांच्या वसाहतीला 150 वर्षं झाल्याचा सोहळा सिडनीत चालू असताना, तिथेच ॲबोरिजिनल कार्यकर्त्यांनी शोकदिन पाळला. त्यामागे कूपर होते. नायडॉकची मुळं तिथे आहेत. पुढे 1955 पासून तो दिवस जुलैत गेला आणि 1975 पासून त्याचा आठवडा झाला. (जुलैच्या पहिल्या रविवारी तो सुरू होतो. आपल्याकडे व्हिक्टोरियात तेव्हा बहुतेक सुट्टी असते, म्हणून शाळा आधी किंवा नंतर साजरा करतात.) 1938 च्याच डिसेंबरात जर्मनीतल्या ज्यूंवरच्या अत्याचाराचा निषेध करायला हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ मेलबर्नच्या जर्मन वकिलातीवर मोर्चा घेऊन गेले. ‘आमचा यात काय संबंध’ असं त्यांना वाटलेलं दिसत नाही.

आपल्याला 26 जानेवारीला हॉलमध्ये तिरंगा लावून जिलेबी वाटायची सवय असते. ती वाटाच. पण त्या तारखेला शेजारी कुणी गप्प असेल तर का, हे घरात माहीत असू द्या.

बारीकसारीक: ‘ॲबोरिजिनी’ हा जुना शब्द वापरू नका, तो लागतो. वर्गातल्या गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या मुलाने “मी कूरी (म्हणजे इकडचा ॲबोरिजिनल) आहे” म्हटलं तर “दिसत नाहीस” म्हणू नका. तोंडावर ठिपके रंगवून मुलीला ‘नटवू’ नका. काळा टी-शर्ट, लाल टोपी, पिवळं काहीतरी, झालं. ॲबोरिजिनल झेंड्यातला काळा म्हणजे माणसं, लाल म्हणजे माती, पिवळा गोल म्हणजे सूर्य. हॅरॉल्ड थॉमस यांनी 1971 साली तो आखला.

आणि वारली. नायडॉकला नको. तो दिवस त्यांचा आहे, आपण टेबलं उचलावीत, ब्रश धुवावेत. मार्चमध्ये हार्मनी वीक, म्हणजे सगळ्या संस्कृतींचा आठवडा असतो, तेव्हा जरूर शिकवा. पण तेव्हा त्या आँटींचा प्रश्न स्वतःला विचारा: ही गोष्ट कुणाची? मी कल्याणला वाढले, डहाणू-जव्हार लोकलने आणि एसटीने गाठता येईल इतकं जवळ. माझ्याकडे वारलीचे कुर्ते होते, कप होते, पडदेही होते. लग्नाचा चौक सवाष्णी तांदळाच्या पिठाने लिहितात, त्यात पालघट देवी बसते, हे मला मेलबर्नला आल्यावर वाचून कळलं. एकाही वारली माणसाशी मी आयुष्यात बोललेले नाही. निदान वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं नाव मुलांना सांगा, गाव दाखवा, मग काढू द्या गोल फेर धरलेली तारपा नाचातली माणसं.

तुम्ही शाकाहारी असाल तर सॉसेजच्या टेबलावर विचारून घ्या, कधी कधी कांगारूचे असतात. वॉटल नावाच्या झाडाच्या बिया घातलेली डॅम्पर रोटी मात्र खा. गरम असताना कॉफीसारखा वास येतो.