समितीवर नव्याने आलास, म्हणून

चर्चच्या पाळकीय समितीवर, म्हणजे फादरांना सल्ला देणाऱ्या मंडळावर, तू आलास, फार बरं वाटलं. पण ध्येयवाक्य लिहायची घाई करू नकोस. आधी वाड्यावाड्यावर जा. आमच्याकडे क्रूसासमोर तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपल्यावर, मेणबत्त्या विझवता विझवता एक म्हातारी म्हणाली, "पोरं परदेशात, मला चर्चात मिस्सेला नेणार कोण?" त्या एका प्रश्नावर आमचं पुढच्या तीन वर्षांचं काम ठरलं. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या सिनडचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक चर्चच्या विचारविनिमयाचा, पायाही ऐकून घेणं हाच होता. धर्मकायद्याप्रमाणे समितीचं मत सल्ल्यापुरतंच, तेव्हा फादरांना पहिल्या बैठकीपासून सोबत घे. ध्येयवाक्याचा मसुदा कोकणी-मराठी दोन्हींत काढ, आणि मिस्सेनंतर दारातच लोकांच्या हातात दे. खाडाखोड त्यांना करू दे.