मूडला विचारू नको

बाबू,

तुझा मेसेज परवा रात्री दीड वाजता आला. सोयाबीन पाण्यात गेलं, बाबा बोलत नाहीत, पोलीस भरतीची तयारी थांबली, हे मला ठाऊक होतं. त्यावर धीर-बीर देत बसणार नाही. तू शेतकऱ्याच्या घरचा आहेस. टोचलं ते शेवटचं वाक्य : 'मूड आला की पुन्हा धावायला लागतो, काका.'

मूडला विचारून धावायचं नसतं. जेवायचं नसतं, झोपायचंही नसतं. एवढ्यासाठीच हे पत्र आहे, आणि हेच मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

तुझा दिवस मला दिसतो. उठणं दहाला, मग चहावर चहा, दुपारी पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा, जेवण तीन-साडेतीनला. रात्री आईनं वाढलेली भाकर ताटात वाळते अन् तू पांघरुणात मोबाइल घेऊन. ताण आहे म्हणून हे होतं, म्हणतोस. खरं आहे. ताणात अंगात कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं हार्मोन वाढतं, गोड-तळलेलं खावंसं वाटतं, झोप उडते. पण झोप उडाली की दुसऱ्या दिवशी भूक बिघडते, चिडचिड होते, ताण आणखी चढतो. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचं जवळपास निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं. आणि खर्रा! निकोटिन उतरलं की जीव कासावीस होतो, पुन्हा तोंडात टाकला की थांबतो. खर्ऱ्यानं टेन्शन जातं म्हणे. अरे, ते टेन्शन आणलं कोणी?

विहिरीवरची मोटर जळाली अन् कपाशीची पऱ्हाटी वाळली, त्या वर्षी माझ्या मोठ्या दादांनी खर्रा धरला. 'एवढं वर्ष जाऊ दे, मग सोडतो.' पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घोटताना त्यांचा हात कसा सराईत चालायचा! वर्ष गेलं, पुढे पिकाची चांगली वर्षंही आली. खर्रा राहिला. मग तोंड उघडेना. एकावर एक धरलेली तीन बोटं तोंडात सहज जायला हवीत, त्यांचं एक धड जाईना. गाल आतून पांढरे, ताठ. डॉक्टर म्हणाले, हे सुपारीनं होतं, आणि तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो. वहिनी दुधात भाकर कुस्करून चमच्यानं भरवायची. मी दादांना वर्षानुवर्षं सांगत होतो. ऐकलं नाही. ती सल जात नाही.

म्हणून मी असा हट्टी. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली. वावरातून आलो त्या रात्रीही मी आठला जेवलो. लोक म्हणाले, याला काळीज नाही. घरातही ऐकून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला उभं राहायचं होतं, मग बँकेत. उपाशी, जागरण झालेल्या माणसाला ते झेपत नाही. काळीज होतं म्हणूनच जेवलो, हे आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन.

अन् हे माझ्या एकट्याचं खूळ नाही. उदासीच्या उपचारात मानसोपचारवालेही हेच करून घेतात : ठरल्या वेळी छोटंसं काम आधी, मन येतं मागून.

भरतीच्या सोळाशे मीटर धावण्याचं सध्या राहू दे. सकाळी साडेपाचला फाट्यापर्यंत नुसता चाल, पाय जड असले तरी. नऊच्या आत पोटात काहीतरी, चटणी-भाकर चालेल. रात्री दहाला मोबाइल आईजवळ. खर्रा 'कमी करतो' म्हणू नको, मी ऐकणार नाही. 1800-11-2356 ला फोन लाव, तंबाखू सोडवायला फुकट मदत करतात. मूड नाही म्हणशील. त्याला विचारलंय कोणी?

एका ठिकाणी मात्र माझा हट्ट पुरत नाही. दोन आठवडे कशातच जीव रमत नसेल, किंवा मरणाचा विचार एकदाही मनात आला, तर तो आजार समज आणि लगेच 14416 ला फोन कर. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. नाहीतर मला उठव. किती वाजलेत बघू नको.

तुझ्या आईला सांगितलंय, उद्यापासून ताटं आठला वाढायची, तुझ्या बाबांचंही. दोघं सोबत बसा. बोलणं नाही झालं तरी चालेल, जेवा.

तुझा काका