सिम बंद, खातं चालूच

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी दिवाणजी आहे. नंबर बदलला, नव्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपही घेतलं. पण शेतकरी अजून पट्ट्यांचे (मालविक्रीच्या हिशेब-पावत्यांचे) फोटो जुन्याच नंबरवर टाकतात. जुनं सिम बंद आहे, जुन्या मोबाइलमध्ये अ‍ॅप तेवढं आहे. ते काढून टाकलं की भागेल का?

उत्तर : नाही दिवाणजी, उलट अ‍ॅप काढाल तर अडकाल. ते पुन्हा सुरू करायला ओटीपी लागेल आणि तो येणार बंद सिमवर! खातं तसंच राहील, शेतकरी पट्ट्या टाकत राहतील.

बंद झालेला नंबर ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप मात्र न वापरलेलं खातं साधारण १२० दिवसांनी काढतं. म्हणजे मधल्या काळात नंबर परक्याच्या हाती जाऊ शकतो. तुमचे जुने चॅट त्याला दिसणार नाहीत, पण त्याने त्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप घेतलं की नव्या पट्ट्या त्याच्याकडे जातील. व्यापाऱ्याच्या दिवाणजीला हे परवडणारं नाही.

जुना मोबाइल वायफायला जोडा. अ‍ॅप अजून उघडतंय ना? मग आधी हिशेबाचे चॅट ‘एक्स्पोर्ट’ करून स्वतःला मेल करा. खातं गेलं की ते परत मिळत नाहीत. शेतकऱ्यांना नवा नंबर कळवा. त्यानंतर सेटिंग्ज, अकाउंट, डिलीट अकाउंट. तिथे +९१ लावून जुनाच नंबर टाका, सवयीने नवा नको.

आणि बँकेत कोणता नंबर आहे? आधारला? ते व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा आधी बघा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर आधार केंद्रावर जाऊन बदलता येतो.