क्लासला ठेवलेला मुलगा बोलेनासा झालाय. मोबाईल काढून घेऊ का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा अकरावीत आहे, नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लाससाठी जळगावला खोली करून राहतो. दिवाळीला घरी आला तर दार लावून बसला, काही विचारलं की "काही नाही" म्हणून अंगावर येतो. त्याचे पप्पा म्हणतात, मोबाईल काढून घ्या म्हणजे सरळ होईल. मी अमळनेर तालुक्यातली, घरी कपाशी, मुलगी तुमच्या मुलाच्याच वयाची. मला विचाराल तर मोबाईलचं नंतर बघा, आधी त्याच्याशी पैशाचं बोला.

कापसाला 2022 मध्ये क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव लागला होता. पुढच्या हंगामात भाव पडला तेव्हा आपल्याकडे कितीतरी जणांनी माल न विकता घरातच ठेवला. आमचीही मधली खोली आढ्यापर्यंत भरली होती. मुलगी त्याच खोलीच्या कोपऱ्यात अभ्यास करायची, रात्री अंग खाजवत झोपायची आणि आज काय भाव निघाला यावरून आमचं जे बोलणं व्हायचं ते सगळं ऐकायची. हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. पोटात दुखतं म्हणून शाळा बुडू लागली. डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या झाल्या, पोटात काही निघालं नाही. मुलांचं दुखणं खोटं नसतं ताई, मनावरचा ताण खरोखरच पोटात आणि डोक्यात दुखतो.

एका संध्याकाळी भरतासाठी काड्यांवर वांगी भाजली होती. दोघी परातीशी बसून सालं काढत होतो, बोटांना चटके बसत होते. मान वर न करता ती म्हणाली, "मम्मी, माझ्या क्लासची फी नका भरू. मी घरीच करीन." "असं काही नाही गं" हे तोंडावर आलं होतं, पण मी फक्त विचारलं, "कधीपासून हे डोक्यात आहे?" मग वांगी संपेपर्यंत ती बोलत राहिली. आपल्यामुळे कर्ज वाढतंय, असा पूर्ण हिशोब पोरीने मनात मांडून ठेवला होता. रात्री तिच्या पप्पांनी वही काढली. गावच्या सोसायटीचं कर्ज किती देणं आहे, घराला किती लागतं, तिच्या फीचे पैसे कुठे बाजूला ठेवलेत, सगळं दाखवलं आणि म्हणाले, "हे फेडायचं काम माझं आणि तुझ्या मम्मीचं. तुझं नाही." पोटदुखी लगेच गेली नाही, पण शाळा बुडणं थांबलं.

तुमचा मुलगा तर खोलीभाडं, मेस, क्लास, सगळा खर्च रोज डोळ्यांनी बघतोय. 2024 च्या नीटला 24 लाखांच्या आसपास मुलांनी फॉर्म भरले होते. एवढ्या गर्दीत टेस्टला मार्क कमी पडले की तो त्याची किंमत रुपयांत करत असेल, आणि तसं असेल तर तुमच्यासमोर गप्पच बसणार. म्हणून समोर बसवून चौकशी करू नका. जळगावला भेटायला जाल तेव्हा मेहरूण तलावाकडे त्याच्यासोबत पायी फिरा. बोलला तर मधेच उपाय सांगू नका आणि अमक्याच्या पोराचं नाव तर काढूच नका. त्याच्या पप्पांना सांगा, ऐकून घेणं म्हणजे लाड नव्हेत. घराचे नियम आहेत तसेच राहू द्या.

आता मोबाईल. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते आणि लागते मात्र आठ ते दहा तास. तेव्हा घरी असताना रात्री सगळ्यांचेच फोन, तुमचेसुद्धा, बाहेरच्या खोलीत ठेवायचं ठरवा. हिसकावून घ्याल तर परगावी एकटं राहणाऱ्या पोराचे चार मित्रही तुटतील.

एक गोष्ट मात्र टाळू नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस जेवण-झोप बिघडलेली असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलला असेल, तर त्याला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट पोराला सांगायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात, आणि आईवडीलही फोन करू शकतात. आणि फवारणीची औषधं आजच कुलपात टाका, किल्ली तुमच्याजवळ ठेवा. आपल्या शेतकऱ्यांच्या घरात ती गोठ्यात नाहीतर ओसरीवर उघडी पडलेली असतात. वाईट क्षण बऱ्याचदा थोड्या वेळाने ओसरतो, त्या वेळात हाताशी काही सापडू नये.

जळगाव नको, घरी येतो म्हणाला तर येऊ द्या. नीटला वरची वयाची अट नाही आणि कितीदा द्यायची यालाही सध्या मर्यादा नाही. हे त्याला तुमच्या तोंडून एकदा ऐकू द्या.