जुनी, दुर्मीळ बेसबॉल कार्डं (म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेली छोटी कार्डं) खरंच कुणाला अशी अचानक सापडतात का?

हो, सापडतात. माझ्या मते सगळ्यात थक्क करणारं उदाहरण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डिफायन्स गावचं. 2012 मध्ये आजोबांचं घर आवरताना नातवंडांना माळ्यावर बाहुलीघराखाली एक खोकं मिळालं. वर काजळी साचलेली, आत सुतळीने बांधलेले कार्डांचे गठ्ठे: टाय कॉब, साय यंग, होनस वॅग्नर असे त्या काळचे दिग्गज खेळाडू! 1910 च्या सुमाराची सुमारे 700 कार्डं. त्या काळी ती मिठाईबरोबर मिळत. शंभर वर्षं कुणी हात न लावल्यामुळे कार्डांचे कोपरे शाबूत, रंग ताजे. होनस वॅग्नरच्या एका कार्डाला तर तपासणीत 10 पैकी 10 गुण मिळाले.

2016 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका कुटुंबाला पणजोबांच्या घरात चुरगळलेल्या कागदी पिशवीत टाय कॉबची सात कार्डं मिळाली. मागच्या बाजूलाही त्याचंच नाव असलेली ही कार्डं अतिदुर्मीळ. पिशवी कचऱ्यात जाता जाता वाचली.

तुमच्याकडे असं काही निघालं, तर कार्डं पुसू नका, रबरबँड लावू नका. आधी नामांकित संस्थेकडून तपासून घ्या, कारण बाजारात नकली कार्डंही भरपूर आहेत.