आधी मजुरी, मग दान : वाचकांचे प्रश्न

उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) तोंडावर आला की सेवाकार्याविषयीची पत्रे वाढतात. या वेळच्या पत्रांतली काही निवडून इथे उत्तरे देत आहोत. कायदा आणि सरकारी योजनांचे तपशील महाराष्ट्रापुरते आहेत.

आमच्या चर्चमध्ये झाडलोट, फुलदाण्या, वेदीची वस्त्रे धुणे, घंटा असे सगळे काम एक बाई अठरा वर्षे करत आहेत. महिन्याला साडेचार हजार देतो, नाताळला साडी आणि मिठाई. उपवासकाळातल्या दानातून त्यांना एकरकमी काही द्यावे असे कमिटीत चालले आहे. किती द्यावे? – चर्च कमिटीचे सचिव, वसई

दानपेटीतून एक रुपयाही देऊ नका. त्यांना जे मिळायचे आहे ती मजुरी आहे, आणि मजुरी चर्चच्या चालू खर्चातून जाते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (5:4) शेतमालकाने अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते, आणि ती ओरड थेट देवाच्या कानी जाते. ‘अनुवाद’ या पुस्तकात (24:15) तर मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत हातावर ठेवायला सांगितले आहेत. साडी प्रेमाने द्या, पण ती पगारात धरू नका.

आधी एक आठवडा त्यांच्या कामाचे तास वहीत लिहा. रविवारच्या तिन्ही उपासना, लग्ने, मयती सगळे धरून. बहुतेक कमिट्यांना हा आकडा पाहून धक्का बसतो. ‘दोन तासांचे काम’ म्हणून ठरलेले असते ते सहा तासांवर गेलेले असते. मग सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून अकुशल कामगाराचे सध्याचे किमान वेतन विचारून घ्या आणि तासांच्या प्रमाणात पगार ठरवा. किमान म्हणजे तळ. चर्चने तळाशीच थांबायचे कारण नाही. पगार दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेत जमा करा. रविवार हा त्यांचा सर्वात कष्टाचा दिवस, तेव्हा आठवड्याची सुट्टी सोमवारी, आणि ती पूर्ण दिवसाची. ‘जरा येऊन कुलूप उघडून जा’ असे म्हटले की सुट्टी गेली.

अठरा वर्षांचे काय? ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचा, हिशेब साधा आहे: शेवटचा मासिक पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षे. पगार दहा हजार केलात तर 10,000 ÷ 26 × 15 म्हणजे वर्षाला सुमारे 5,769 रुपये, आणि अठरा वर्षांचे सुमारे 1,03,846. दहापेक्षा कमी माणसे कामाला असतील तर कदाचित कायदा तुम्हाला धरणार नाही. तरी ही रक्कम चर्चच्या हिशेबात देणे म्हणून दाखवा आणि त्यासाठी वेगळी मुदत ठेव करा. त्या निवृत्त होतील त्या वर्षी वर्गणी फिरवायची वेळ येऊ देऊ नका.

त्यांच्या बँक खात्यावर अपघात विमा (पंतप्रधान सुरक्षा विमा, वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70) आणि वय पन्नासच्या आत असेल तर जीवनज्योती हा आयुर्विमा (वर्षाला 436 रुपये) सुरू करून द्या. दोन्हींचे संरक्षण दोन लाखांचे. हे विमे 1 जून ते 31 मे असे चालतात आणि हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. नेमके त्या दिवशी खात्यात अकरा रुपये असले की विमा बंद पडतो आणि कुणाला कळतही नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात खजिनदाराने शिल्लक पाहावी.

मिशन बोर्डिंगची शौचालयाची टाकी भरली आहे. गाडी आतपर्यंत येत नाही. ठेकेदार म्हणतो, दोन माणसे उतरवून सकाळी तीन तासांत साफ करून देतो. ते आपल्या खुशीने येतात. हरकत आहे का? – बोर्डिंगचे अधीक्षक, अहिल्यानगर जिल्हा

आहे. अर्ध्या मिनिटासाठीही कुणाला उतरवू नका. 2013 च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘खुशीने’ या शब्दाला तिथे किंमत नाही. ठेकेदार मधे आहे म्हणून संस्था सुटत नाही.

टाकीत माणूस मरतो तो मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडने आणि प्राणवायू नसल्याने. हा वायू थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. वाढला की नाकच बधिर होते. ‘आता वास गेला, उतरायला हरकत नाही’ हे वाक्य म्हणून जीवघेणे आहे. झाकण रात्रभर उघडे ठेवल्याने टाकी सुरक्षित होत नाही, कारण गाळ ढवळला की अडकलेला वायू पुन्हा सुटतो. कंदील किंवा काडी आत सोडून पाहण्याची जुनी पद्धत तर मिथेनमुळे स्फोटाला निमंत्रण. तोंडाला बांधलेला रुमाल काहीच अडवत नाही. एक माणूस कोसळला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो आणि तोही जातो. अशा बातम्यांत मृतांचा आकडा बहुतेक वेळा दोन-तीन असतो तो यामुळे.

करायचे असे. फाटकापासून टाकीच्या झाकणापर्यंतचे अंतर आणि टाकीची खोली मोजा आणि नगरपालिका किंवा खासगी सक्शन टँकरवाल्याला हे दोन आकडे आधीच सांगा. पाइपाचे तुकडे जोडून बरेच लांबपर्यंत काम होते. न सांगता बोलावलात तर तो तोकडा पाइप घेऊन येईल आणि मग पुन्हा ‘माणूस उतरवू’ सुरू होईल. गाळ घट्ट झाला असेल तर बाहेरूनच पाणी सोडून लांब बांबूने किंवा प्रेशर जेटने सैल करा आणि मग ओढा. काम सुट्टीत काढा, झाकणांभोवती दोरी बांधा, जवळ आग नको. मैला कुठे नेऊन टाकणार हे ठरवून घ्या. ओढ्यात टाकला तर आपली घाण खालच्या वस्तीच्या विहिरीत गेली.

टाकी इतक्या लवकर का भरली तेही पाहा. दर दोन-तीन वर्षांनी उपसा होतो का? मुलींच्या बाजूला पॅड टाकायला झाकणाची बादली आहे का, की सगळे भांड्यातच जाते? रोज भरपूर फिनेल आणि ॲसिड ओतत असाल तर गाळ कुजवणारे जंतू मरतात आणि गाळ साचतो.

गाडीबरोबर येणाऱ्या माणसांना हातमोजे-बूट आहेत का ते बघा, काम झाल्यावर साबण आणि आंघोळीपुरते पाणी द्या, आणि चहा बाकी सगळ्यांच्याच कपात. वेगळा कप काढणाऱ्या ख्रिस्ती संस्था आजही आहेत.

नाताळला शंभर कुटुंबांना किराणा वाटतो. तीन वर्षे झाली, दर वेळी भांडणे होतात, ‘त्याला का, मला का नाही’. – सेवा मंडळ, सोलापूर

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही हेच भांडण झाले होते. ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात राहून जात होत्या (प्रेषितांची कृत्ये 6). प्रेषितांनी त्यावर प्रवचन दिले नाही. सात माणसे नेमली, आणि त्या सातांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूची. तुमच्या यादी-समितीत वस्तीतले, स्वतः कधी मदत घेतलेले निदान दोघे आहेत का?

पिशवीत काय घालता तेही तपासा. प्राधान्य गटातल्या रेशनकार्डावर माणशी पाच किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो धान्य मोफत मिळते. अशा घरी आणखी दहा किलो तांदूळ नेला तर तो दुकानात विकला जातो, आणि मग आपणच नावे ठेवतो. चार माणसांच्या घरी तूरडाळ दोन किलो, तेल दोन लिटर, शेंगदाणे एक किलो, साखर, चहा, अंगाचा आणि कपड्याचा साबण, सॅनिटरी पॅड हे जास्त उपयोगी. रवा-बेसन स्वस्त मिळाले म्हणून ऑक्टोबरात घेऊन ठेवू नका, नाताळपर्यंत किडे होतात. ज्यांच्याकडे रेशनकार्डच नाही किंवा मुलांची नावे चढलेली नाहीत, त्यांची यादी वेगळी करा. एक नाव चढवून दिले तर वर्षाला साठ किलो धान्य घरात येते; तुमच्या पिशवीपेक्षा ते कितीतरी मोठे.

पिशवी घरी नेऊन द्या, तीही साधी, चर्चचे नाव न छापलेली. फोटो काढू नका. देणगीदाराला हिशेब हवा असेल तर बिले दाखवा.

एका विधवा भगिनीला मंडळीतर्फे दरमहा हजार रुपये देतो. हे कधी थांबवायचे? – जालना

तिची निराधार पेन्शन सुरू होऊन तीन महिने नियमित जमा झाली की पुन्हा विचार करा, आणि तोवर थांबवू नका. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा 1,500 रुपये मिळतात. वय 65 च्या आत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 पर्यंत, महाराष्ट्रात निदान पंधरा वर्षे रहिवास. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात. पतीचा मृत्यूदाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा आणि वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार जोडलेले बँक खाते लागते.

आपल्या लोकांचे अर्ज अडतात ते नावावर. बाप्तिस्म्याचे नाव मारिया, शाळेत मेरी, आधारवर मीरा, आणि नवऱ्याच्या मृत्यूदाखल्यावर तिसरेच आडनाव. अर्ज भरण्यापूर्वी सगळे कागद टेबलावर शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. आधी आधार दुरुस्त करा, मग बँक, मग बाकीचे. उलट क्रमाने केले तर दोनदा फिरावे लागते. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे बंद, म्हणून मंडळीच्या वहीत ती तारीख लिहून ठेवा.

अर्ज पडून राहिला तर माहितीचा अधिकार वापरा. साध्या कागदावर एकाच विषयाचा, दीडशे शब्दांच्या आत अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ‘पेन्शन का दिली नाही’ असे विचारू नका. ‘अमुक तारखेच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, तो सध्या कोणाच्या टेबलावर आहे’ असे विचारा, म्हणजे कागदोपत्री उत्तर द्यावे लागते. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर वीस रुपयांच्या स्टॅम्पवर पहिले अपील. हे राजकारण नव्हे का, असे काही सभासद म्हणतील. लूकच्या शुभवर्तमानातली (18) विधवा न्याय मागत न्यायाधीशाच्या दारी येत राहिली, ती याच कामासाठी.

आमचा तरुण गट अंथरुणाला खिळलेल्यांना भेटतो. गाणी, प्रार्थना होते. आणखी काय करावे? – पुणे

आधी फोन करून वेळ विचारा, वीस मिनिटांत उठा, आणि एका वेळी दोघांपेक्षा जास्त जाऊ नका. प्रार्थना करू का, हे रुग्णाला विचारा, घरच्यांना नव्हे. खरी मदत म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाला आठवड्यातून तीन तास मोकळे करणे. त्यासाठी थोडे शिकावे लागते: दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीमागे उशी देऊन थोडे कलते ठेवणे, टाचा उशीने अधांतरी ठेवणे. माकडहाडावर, खुब्यावर लाल डाग दिसला आणि बोट दाबून काढल्यावरही लालच राहिला तर ती शय्याव्रणाची (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात. तिथे चोळू नका, स्पिरिट-हळद लावू नका, भोकाची रबरी गादी देऊ नका. त्या बाजूचा भार काढा आणि नर्सला कळवा. भरवताना बसते करा आणि नंतर अर्धा तास तसेच ठेवा, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो.

माझा भाचा आता ब्रिटिश नागरिक आहे. त्याला आमच्या पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) दवाखान्यासाठी पैसे पाठवायचे आहेत. – मालवण

पॅरिश ज्या ट्रस्टखाली आहे त्याची विदेशी देणगी कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी नसेल तर घेऊ नका, धनादेशाने नाही आणि रोखही नाही. भाच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळते ते) असले तरी तो परदेशी स्रोतच ठरतो. नोंदणी असेल तर रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या नेमलेल्या खात्यातच आली पाहिजे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी नातेवाइकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे मात्र विदेशी देणगी नाहीत; पासपोर्टची प्रत फाइलला लावा. तुमच्या खात्यावर मागवून पुढे पॅरिशला देण्याची युक्ती कुणी सुचवली तर ती ऐकू नका. पौलाने यरुशलेमसाठी जमवलेला पैसा नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली होती, कुणी बोट दाखवू नये म्हणून (करिंथकरांस दुसरे पत्र 8:19–21).

किराणा वाटताना शुभवर्तमानाची पत्रके द्यावीत का? – कोल्हापूर

नको. ज्याच्या हाती पिशवी आहे त्याला पत्रक नाकारता येत नाही. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच आला, आणि उरलेल्या नऊंचे बरेपण त्याने परत घेतले नाही.