जार हा गावठी शब्द नाही

प्रश्न आला आहे तो असा: ‘गर्भातलं बाळ नाळेतून आईचं रक्त घेतं, या वाक्यात नाळ योग्य की वार? की दोन्ही एकच?’

एकच नाहीत. वार गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली असते, नाळ ही तिच्यापासून बाळाच्या बेंबीपर्यंत आलेली दोरी. पण चूक या दोन शब्दांपुरती नाही, वाक्यच चुकलं आहे. ते मी भाषणांत आणि लेखांत इतक्या वेळा ऐकलं-वाचलं आहे की आता राग येतो. बाळ आईचं रक्त घेत नाही. बाळाचं रक्त बाळाचंच असतं. ते नाळेतल्या दोन धमन्यांतून वारेत जातं, पातळ पडद्याआड राहूनच आईच्या रक्तातला प्राणवायू आणि पोषण उचलतं आणि एका शिरेतून परत येतं. तेव्हा ‘बाळ वारेतून प्राणवायू घेतं’ असं लिहा. नाळ शब्द कमळाच्या पोकळ देठावरून, ‘नाल’वरून आला, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मला बोलायचं आहे ते जार या शब्दाबद्दल, म्हणजे गाई-म्हशींच्या वारेच्या नावाबद्दल. गाय-म्हैस व्यायली की ‘जार पडला का?’ असं विचारतात, म्हणून सुशिक्षितांनी त्याला गोठ्यात बांधून ठेवलं. हा शब्द वेदांतल्या ‘जरायु’चा वारस आहे. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात दहा महिन्यांच्या गर्भाला ‘जरायूसह खाली ये’ असं विनवलं आहे. ऐतरेय उपनिषदात प्राण्यांचे प्रकार सांगताना ‘जरायुज’ (जरायूसह जन्मणारे) याऐवजी ‘जारुज’ असं रूप आहे, म्हणजे शब्द आखडायला तेव्हाच सुरुवात झाली होती.

आणि जरायु म्हणजे काय? मुळाशी ‘जॄ’ धातू, झिजणं, म्हातारं होणं. जरा, जीर्ण, जर्जर ही त्याचीच भावंडं. संस्कृतात सापाने टाकलेल्या कातीलाही जरायु म्हणत. ग्रीकमध्ये याच धातूपासून झालेला ‘गेरास’ म्हणजे म्हातारपण, आणि सापाची कातही! दोन भाषांना एकच गोष्ट दिसली: झिजून गळून पडणारं आवरण.

परिभाषाकारांनी मात्र वारेसाठी ‘अपरा’ उचलला. अपर म्हणजे मागचं, नंतरचं. बाळामागून बाहेर येते एवढंच तो शब्द सांगतो. काहींना जार म्हटलं की जारकर्म, म्हणजे व्यभिचार, आठवतो आणि ते शब्द टाळतात. वेदांतल्या शब्दांची फोड करणाऱ्या यास्कांनी तो दुसरा जार, म्हणजे चोरटा प्रियकर, हाही याच धातूवरून लावला आहे: सूर्य हा रात्रीचा जार, कारण तो तिला जीर्ण करतो. ही फोड ओढूनताणून केलेली आहे म्हणणाऱ्यांशी मी प्रियकरापुरतं भांडणार नाही. जरायूच्या बाबतीत मात्र माघार नाही.

कारण जन्माच्या वेळी एकटी वारच जीर्ण होत नाही. पोटात असताना फुप्फुसं श्वासाच्या कामाची नसतात, म्हणून रक्ताला आडवाटा असतात: एक यकृताला वळसा घालून जाणारी, दुसरी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीतला झरोका, तिसरी फुप्फुसधमनीला महाधमनीशी जोडणारी नळी. पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसं फुलतात, तिथला अडसर उतरतो आणि रक्त तिकडे धावतं. तिथून परतलेल्या रक्ताने डाव्या कप्प्यातला दाब वाढतो आणि झरोक्याचा पडदा भिंतीवर टेकतो. रक्तात प्राणवायू वाढला की तिसरी नळी आकसते, साधारण एक-दोन दिवसांत बंद होते आणि काही आठवड्यांत तिचा नुसता तंतू उरतो. बेंबीपासून यकृताकडे गेलेल्या शिरेचाही पुढे दोर होतो. या सगळ्या वाटा गर्भापुरत्या, पुढे झिजण्यासाठीच बांधलेल्या. माझ्या मते या संपूर्ण तात्पुरत्या मांडणीला ‘जरायु-अभिसरण’ म्हणायला हवं. ‘गर्भाभिसरण’ म्हटलं तर ते कुठे चालतं एवढंच कळतं. झरोका मात्र सुमारे चारातल्या एका प्रौढात पुरता सांधलेला नसतो, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

तर तुमच्या वाक्यात वार. आणि गाईबद्दल लिहाल तेव्हा बिनदिक्कत जार लिहा, अवतरणचिन्हं न घालता.